माहिती वर जाते, परत काय येते?

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे या भागांतून फिरताना खिडक्या नसलेल्या अवाढव्य इमारती दिसतात. पाटी असलीच तर लहान, फाटकावर पहारा कडक आणि आतून यंत्रांची अखंड घरघर. ही डेटा सेंटरे आहेत. रसायनांच्या आणि औषधांच्या कारखान्यांसाठी ओळखला जाणारा हा पट्टा आता माहिती साठवण्यासाठी ओळखला जातो. २०२० मध्ये पनवेलजवळही असेच एक प्रचंड केंद्र सुरू झाले. देशातील डेटा सेंटरांची सर्वाधिक क्षमता आज मुंबई आणि नवी मुंबईच्या परिसरात आहे.

याच पट्ट्याला लागून, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, दिघा आणि तुर्भे स्टोअरसारख्या वस्त्या आहेत. दगडखाणीत फुप्फुसे झिजवलेले मजूर, बांधकामावर रोजंदारी करणाऱ्या बाया, बाजार समितीत ओझी वाहणारी माणसे इथे राहतात. त्यांच्या आरोग्याची खबर घ्यायला नागरी आरोग्य केंद्राची नर्स आणि आशाताई येतात. पूर्वी त्यांच्या हातात रजिस्टर असे. आता रजिस्टर आहे आणि मोबाइलही आहे.

या ‘आणि’पाशी मला थांबावेसे वाटते. टॅब आणि मोबाइल आरोग्यसेवेत क्रांती घडवणार, असे आपण गेली पंधरा वर्षे ऐकत आहोत. फोनचे उपकरण छातीला लावले की हृदयाचा आलेख निघेल, डोळ्याचा फोटो काढला की मधुमेहाने झालेली इजा कळेल, खेड्यातल्या रुग्णाला शहरातला तज्ज्ञ पडद्यावर भेटेल. यातले बरेच खरे ठरले आहे. तरीही ज्या महाराष्ट्रात हे सगळे घडते आहे, त्याच महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. हातात आलेले यंत्र हजारो बायकांनी मोर्चा काढून सरकारदरबारी नेऊन टाकावे, हे साधे नाही. ज्या आशाताई ऑक्टोबर २०२३ मध्ये संपावर गेल्या, त्यांच्या मागण्यांमध्ये मानधनवाढीबरोबरच एक मागणी होती: ऑनलाइन कामाची सक्ती नको.

शहरी सुशिक्षितांची यावरची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. बायकांना यंत्र जमत नाही, बदल नको असतो. हा सरळसरळ अपमान आहे. याच बायका व्हॉट्सॲपवर बैठका ठरवतात, मुलांचे शाळेचे फॉर्म भरतात आणि गावी पैसे पाठवतात. तक्रार यंत्राबद्दल नव्हती, त्या यंत्राकडून काय करवून घेतले जाते याबद्दल होती. अंगणवाडीचा फोन जुना आणि दोन जीबी मेमरीचा होता, तो तापायचा आणि अडकायचा. हमीची मुदत संपल्यावर दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या गळ्यात. ‘पोषण ट्रॅकर’ ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागे. मराठीत शिकलेल्या, मराठीत काम करणाऱ्या सेविकेने मराठी मुलाचे वजन इंग्रजीत का नोंदवायचे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कोणी दिले नाही. हे प्रकरण शेवटी उच्च न्यायालयात गेले.

पण भाषा आणि मेमरी हे वरवरचे दुखणे झाले. त्या ॲपमधली माहिती एका दिशेने, वर जाते. तालुका, जिल्हा, मुंबई, दिल्ली. मुलाचे वजन घटले हे दिल्लीच्या पडद्यावर लाल ठिपक्यात दिसते. सेविकेला ते आधीच माहीत असते, कारण मुलाला काट्यावर तिनेच ठेवलेले असते. तो ठिपका पाहून वरून काय येते? बहुतेक वेळा उरलेल्या नोंदी पूर्ण करण्याचा निरोप येतो. जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थीचा चेहरा ओळखण्याची सक्ती झाली. आता आईने फोनच्या कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायचे आणि नेटवर्कने कृपा केली तर पाकीट मिळवायचे. चोरी थांबवण्यासाठी हे आहे, असे सांगतात. थांबतही असेल थोडी. पण पाहा, यंत्राच्या पहिल्याच प्रश्नात आईवर आणि सेविकेवर संशय आहे. मुलाची चौकशी नंतर.

आता याच मुंबई परिसरातले दुसरे उदाहरण घेऊ. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये ‘अरमान’ ही संस्था सुरू केली. त्यांच्या ‘एममित्र’ या उपक्रमात स्मार्टफोन लागत नाही, ॲप लागत नाही, वाचताही यावे लागत नाही. गरोदर बाईच्या साध्या फोनवर तिच्या भाषेत, तिच्या महिन्याला लागू पडेल असा आवाजी निरोप येतो. या महिन्यात काय खावे, कोणत्या लक्षणाला घाबरून लगेच दवाखाना गाठावा, लोहाच्या गोळीने पोट बिघडले तर काय करावे. फोन कोणत्या वेळी यावा हे बाईच ठरवते. यामागे वस्तीतले जगणे ठाऊक असलेल्या माणसाची समज आहे. घरात फोन एकच आणि तो दिवसभर नवऱ्याच्या खिशात असतो, हे ज्याला माहीत आहे त्यालाच वेळ विचारायचे सुचते. इथे माहिती वरून खाली येते आणि ज्या शरीराविषयी ती आहे त्याच शरीराच्या कानात जाते.

या कथेचा पुढचा भाग मला अधिक बोलका वाटतो. काही आठवड्यांनी अनेक बायका निरोप ऐकणे सोडतात. सगळ्यांना माणसाकरवी फोन करायचा तर तेवढे कार्यकर्ते नाहीत. मिलिंद तांबे यांच्या नेतृत्वाखालील गूगल रिसर्चच्या गटाने ‘अरमान’बरोबर एक कृत्रिम बुद्धिमत्तेची पद्धत बसवली. कोणत्या बाईला या आठवड्यात माणसाने फोन केला तर ती टिकून राहील, हे ती सुचवते. वीसेक हजार बायकांवर केलेल्या चाचणीत गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. एवढे गणित करून यंत्राने अखेरीस सांगितले काय, तर हिच्याशी माणसाला बोलू द्या. यंत्राने माणसाची जागा घेतली नाही. थोड्या माणसांना नेमका कोणाला फोन करायचा ते सांगितले. आरोग्यसेवेतल्या तंत्रज्ञानाचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

म्हणजे एकाच हातातला मोबाइल दोन अगदी वेगळी कामे करू शकतो. तो मोजू शकतो, सांगू शकतो, हाक मारू शकतो. किंवा तो हजेरी घेऊ शकतो, पुरावा मागू शकतो, अहवाल पाठवू शकतो. पहिले काम रुग्णाचे, दुसरे कार्यालयाचे. आपल्याकडे कार्यक्रम जाहीर होताना पहिल्याचे चित्र दाखवतात आणि प्रत्यक्षात दुसऱ्याची यंत्रणा उभी राहते.

करोनाच्या काळात ही दोन्ही रूपे एकाच दारात दिसली. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके घरोघर फिरली. हातात ऑक्सिमीटर, तापमापक आणि नोंदीसाठी मोबाइल. ऑक्सिमीटर बोटाला लावला की दारातच आकडा कळे. तो ९५ च्या खाली असेल तर ‘दवाखान्यात चला’ असे आशाताई तिथल्या तिथे सांगू शकत. एका लहानशा उपकरणाने निर्णय तिच्या हातात दिला. मोबाइलवरची नोंद मात्र तिला काही सांगत नव्हती, फक्त विचारत होती.

हे दुखणे केवळ आपले किंवा गरिबांचे आहे असेही नाही. अमेरिकेत २००९ च्या कायद्यानंतर रुग्णालयांनी अब्जावधी डॉलर खर्चून संगणकीय नोंदी आणल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की रुग्णाबरोबरच्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळपास दोन तास संगणक आणि कागदपत्रांत जातात. तिथल्या डॉक्टरने रुग्णाकडे पाहणे कमी केले, असे तिथलेच डॉक्टर सांगू लागले. आपल्या पालिका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला दोन-तीन मिनिटे मिळतात. त्यातले एक मिनिट टॅबला द्यायचे ठरवले तर उरले काय?

मग कागदावरच राहावे का? अजिबात नाही. नवी मुंबईइतकी डिजिटल नोंदीची गरज फार थोड्या शहरांना असेल, कारण इथली माणसे एका जागी राहत नाहीत. घणसोलीतल्या इमारतीच्या कामावर असलेली बाई तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवते, पाचव्यात नवऱ्याबरोबर उलव्याला जाते, आठव्यात बाळंतपणाला हिंगोलीला किंवा कलबुर्गीला माहेरी. तिचे माता-बाल संरक्षण कार्ड पावसात भिजते, ट्रंकेत राहते, हरवते. माहेरच्या दवाखान्यात तिचा रक्तदाब आधी वाढला होता का, हे सांगणारे कोणी नसते. क्षयाच्या रुग्णाचेही तेच. वस्ती बदलली की औषध तुटते आणि तुटलेल्या औषधातून साध्या गोळ्यांना न जुमानणारा क्षय तयार होतो. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक नेमका यासाठी आहे. कल्पना चांगलीच आहे. केसपेपरच्या खिडकीवर क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घेण्याची सोय जिथे नीट चालते तिथे म्हाताऱ्यांचे उभे राहणे वाचते, हेही कमी नाही.

पण ‘आभा’ क्रमांक मोबाइल नंबरच्या आधाराने चालतो. वस्तीत नंबर रिचार्जबरोबर बदलतो आणि घरातल्या तिघांचा नंबर एकच असतो. शिवाय पालिका आणि पोलिस एकीकडे फलक लावतात की ओटीपी कोणालाही सांगू नका, आणि दुसरीकडे सरकारच्याच कामासाठी आलेली आशाताई दारात उभी राहून म्हणते, ‘ताई, ओटीपी आला असेल, सांगा.’ संमती म्हणतात ती हीच. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण तुर्भे स्टोअरमधल्या बाईला आपली एचआयव्हीची किंवा गर्भपाताची नोंद कोण पाहू शकतो हे कळण्याची सोपी वाट अजून नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला तेव्हा देशातले सर्वांत नावाजलेले सरकारी रुग्णालय जवळपास दोन आठवडे हाताने कागद लिहीत होते. कागद लिहिता येणारी माणसे होती म्हणून निभावले.

याउलट एक आक्षेप घेता येईल आणि तो वजनदार आहे. माहिती वर गेलीच नाही तर धोरण आंधळे राहील. खरे आहे. महाराष्ट्राने हे पाहिले आहे. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि काही संस्थांनी मिळून केलेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवून दिले की सरकारी नोंदीत प्रत्यक्षातल्या बालमृत्यूंचा लहानसा भागच येत होता. म्हणजे माहिती हवी. पण ते मृत्यू का नोंदले जात नव्हते? वही होती, पेनही होते. मृत्यू लिहिला की वरून झाडाझडती होत असे, म्हणून लिहिला जात नसे. टॅब ही भीती घालवत नाही. घाबरलेल्या माणसाच्या हातात टॅब दिला तर खोटी माहिती अधिक वेगाने वर जाते, इतकेच. याच डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या बायकांना नवजात बाळाचे श्वास मोजायला, न्यूमोनिया ओळखायला आणि उपचार करायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले. या आरोग्यदूत बायका कागदावरच लिहीत. पण जे मोजायचे त्यावर काय करायचे हे त्यांना ठाऊक होते आणि ते करण्याचा अधिकारही होता.

ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेचे यश मी याच कारणाने समजून घेतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेतून कोट्यवधी सल्ले दिले गेले. त्यांतले बहुसंख्य, घरी एकट्याने फोन हातात घेऊन बसलेल्या रुग्णाचे नाहीत. रुग्ण उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकाऱ्यासमोर बसतो आणि तो अधिकारी पडद्यापलीकडच्या डॉक्टरशी बोलतो. नाडी पाहायला, पोट दाबून पाहायला आणि ‘डॉक्टर काय म्हणाले ते कळलं का?’ विचारायला या टोकाला माणूस आहे. फोनमुळे जोडला गेलेला तो माणूस काढून टाकला तर पडदा उरेल.

नवी मुंबई महापालिका श्रीमंत मानली जाते आणि नव्या यंत्रणा बसवायची तिला हौसही आहे. आरोग्य केंद्रांसाठी टॅब, ॲप, डॅशबोर्ड यांची खरेदी आज ना उद्या होईल, वाढेल. त्या निविदेत पडदा किती इंचाचा हे नक्की असते. त्यात एवढेही लिहावे: ॲप मराठी आणि हिंदीत चालेल, नेट नसतानाही नोंद होईल. ज्या दिवशी ॲप सुरू होईल त्या दिवशी तेच रजिस्टर बंद होईल. नोंदीचा वेळ कामाचा वेळ धरून त्याचे मानधन मिळेल. नोंद केल्यावर आशाताईला उद्या आधी कोणाच्या घरी जायचे याची यादी मिळेल, आणि माहेरी निघालेल्या बाईला तिच्या सगळ्या तपासण्यांचा एक छापील कागद. यातले काहीही तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड नाही.

निविदा काढण्यापूर्वी पालिका इच्छुक पुरवठादारांची बैठक घेते. पुरवठादार शंका विचारतात, अटी शिथिल करून घेतात. त्या बैठकीला दिघ्याच्या दोन आशाताई आणि तुर्भ्याची एक नर्स यांना बोलवावे, दिवसाचा भत्ता द्यावा आणि पुरवठादाराने त्यांच्यासमोर स्वतः उभे राहून, एका हातात रजिस्टरची पिशवी धरून, एका बाळाची नोंद पूर्ण करून दाखवावी.