घ्यायची पायली

नानांची आय निरक्षर होती, पण माप खोटं असलं तर तिला अंधारातही कळायचं. तिच्या लहानपणी भिवंडीच्या आसपासच्या गावांत भात झोडून झालं की सावकाराचा माणूस दोन पायल्या घेऊन खळ्यावर यायचा. एक घ्यायची, एक द्यायची. दिसायला जुळ्या बहिणी. पण घ्यायच्या पायलीचा काठ बोटभर उंच, आणि द्यायच्या पायलीच्या तळाला आतून लाकडाची चकती. पावसाच्या तोंडाला बियाण्याचं भात मिळायचं ते एका पायलीनं, दिवाळीनंतर फेडायचं ते दुसरीनं. व्याज वेगळंच. म्हातारीनं ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की नानांना ती पाठ झाली होती. आणि पाठ झालेली गोष्ट माणूस ऐकायचं सोडून देतो.

नाना हे नाव मी दिलेलं आहे. गोष्टही रचलेली. पण तिच्यातलं गाव, सालं आणि गल्लीतली डीपी खरी आहे.

नानांच्या वडिलांनी भाताच्या खाचरात भराव टाकून पत्र्याची शेड उभी केली आणि साधे माग बसवले. नानांनी ते चोवीसवर नेले. भिवंडीत ही काही नवलाची गोष्ट नव्हती; कामवारी नदीच्या काठचं हे गाव भातावरून सुतावर कधी आलं ते त्यालाही आठवत नाही. उत्तर प्रदेशातले, बिहारमधले, तेलंगणातले कारीगर इथे आले, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लागल्या आणि रात्रंदिवस तो खटखटाट सुरू झाला. तो थांबला की लहान पोरंसुद्धा दचकून उठायची, कारण खटखटाट थांबला याचा अर्थ लाईट गेली.

आणि लाईट जायची. 2005 ते 2007 या सालांत महाराष्ट्रात भारनियमनानं सगळ्यांचंच कंबरडं मोडलं होतं. भिवंडीत त्यावर आणखी एक भर होती. गावात येणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून जास्त वीज, 58 टक्क्यांच्या आसपास, पैशाच्या रूपानं परत येतच नव्हती. काही तारांत जिरत होती, काही बिलं थकत होती, आणि बरीचशी आकड्यावरून जात होती. आकड्याला कुणी चोरी म्हणत नव्हतं. ‘डायरेक्ट घेतलंय’ म्हणायचे, जसं एखाद्यानं नातं जोडलंय.

नानांनीही डायरेक्ट घेतलं होतं. चोवीसपैकी सोळा माग मीटरवर आणि आठ माग मीटरला वळसा घालून आलेल्या तारेवर. एका खाजगी वायरमननं रात्रीतून ते काम करून दिलं आणि चहासुद्धा घेतला नाही, इतका तो घाईत होता. सोळा माग मीटरवर ठेवले याचाच नानांना अभिमान. “शेजारचा तर सगळाच कारखाना फुकट चालवतो,” ते सांगायचे. प्रामाणिकपणाचंही आपल्याकडे असं टक्केवारीत चालतं.

फुकटच्या विजेचे पैसे कोण भरत होतं, हे गल्लीतल्या डीपीला विचारायला हवं होतं. जेवढा भार नोंदवलेला, त्या हिशोबानं ती बसवलेली. प्रत्यक्षात तिच्या गळ्यात दुप्पट माग लटकलेले. मग दाब पडायचा, मोटारी गुरगुरायच्या, गरम व्हायच्या आणि एक दिवस डीपीच जळायची. बदलून येईपर्यंत सगळी गल्ली अंधारात. नानांचं त्यात नुकसान व्हायचं, नाही असं नाही. पण कारीगराचं जास्त व्हायचं, कारण त्याला पगार मीटरवर. विणलेल्या कापडाच्या मीटरवर. माग बंद तर मीटर शून्य, मीटर शून्य तर पंधरवड्याच्या वहीत नुसती आडवी रेघ. तो बिचारा अंगणात विडी ओढत बसायचा आणि सरकारला शिव्या द्यायचा. आठ मागांची तार त्याच्या डोक्यावरूनच गेलेली होती.

26 जानेवारी 2007 रोजी भिवंडीचं वीजवितरण महावितरणनं टोरंट पॉवर या खाजगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून सोपवलं. परवाना महावितरणचाच, दर ठरवणारा वीज नियामक आयोगही तोच. पण तारा सांभाळायच्या, मीटर बसवायचे, बिलं वसूल करायची ती कंपनीनं. यातली मेख साधी आहे. कंपनी गावाच्या वेशीवर महावितरणकडून युनिट मोजून विकत घेणार, आणि गावात विकून पैसे गोळा करणार. मधे जेवढी गळती, तेवढं तिच्या खिशाला भोक. सरकारी खात्याची गळती कुणाच्याच खिशातून जात नव्हती, म्हणून ती कुणाला दुखत नव्हती.

खाजगी कंपनी आली की सगळं सुतासारखं सरळ होतं, असं मात्र कुणी समजू नये. 2011 साली नागपूरचे तीन विभाग, औरंगाबाद आणि जळगाव याच पद्धतीनं खाजगी हातांत गेले आणि 2014, 2015, 2019 असे एकेक करून परत महावितरणकडे आले. भिवंडीतही कंपनीविरुद्ध मोर्चे निघाले, बंद पाळले गेले, ‘मीटर पळतो’ ही तक्रार तर घराघरांत. पण नव्या डीप्या आल्या, उघड्या तारांच्या जागी वेष्टणाच्या केबली आल्या आणि आकडा टाकायला जागाच उरली नाही. केबलीवर आकडा कसा टाकणार?

नानांकडे पथक आलं ते 2008 सालच्या एका दुपारी. तरुण इंजिनिअर, दोन माणसं, कॅमेरा. वळशाची तार पाचव्या मिनिटाला सापडली. मग पंचनामा आणि हिशोब. मागाची मोटार एक हॉर्सपॉवरची, म्हणजे तासाला पाऊण युनिट. आठ मागांचे 20 तासांचे 120 युनिट. महिन्याचे 26 दिवस धरून 3,120. आणि चोरी कधी सुरू झाली ते नक्की सांगता येत नसेल, तर कायद्यानं मागचे बारा महिने धरायचे, तेही दुप्पट दरानं.

“बारा महिने?” नाना ओरडले. “मागचं उकरून काढायला तुम्ही कोण? कालपर्यंत तर तुमची कंपनी इथं नव्हती!”

“वीज होती ना, नाना,” इंजिनिअर म्हणाला. तो शांत होता. अशी वाक्यं तो दिवसातून दहा वेळा बोलत असणार.

नानांनी ओळखी लावल्या, हप्ते पाडून घेतले, पैसे भरले. नवा इलेक्ट्रॉनिक मीटर बसला आणि पुढचं बिल बघून त्यांना घाम फुटला. आता चोवीस माग मीटरवर होते हे खरं, पण बिल पाहताना माणसाला ते आठवत नाही. चौकात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात त्यांचं एकच पालुपद: मीटर पळतो. “आमच्या बापाला सावकारानं पायलीत लुटलं, आम्हाला ही कंपनी मीटरमधे लुटते.” म्हातारीची गोष्ट अशी त्यांच्या कामी आली. लोक माना डोलवायचे.

शेवटी त्यांनी रीतसर अर्ज दिला. तोच इंजिनिअर आला आणि मीटरच्या ओळीत दुसरा, तपासलेला चेक मीटर लावून गेला. दोन्हींतून तीच वीज जाणार. दहा दिवसांनी आकडे ताडून पाहायचे. नानांनी दोन्ही मीटरांना सील लावून घेतलं, हिशोब लिहिणाऱ्या मेहताजींना रोज सकाळी आकडे लिहायला बसवलं आणि दहाव्या दिवशी सगळ्या कारीगरांना गोळा केलं. कंपनीची लबाडी उघडी पडताना साक्षीदार हवेत.

नानांच्या मीटरवर 3,186. चेक मीटरवर 3,179. सात युनिटांचा फरक, म्हणजे शेकड्याला पाव युनिटसुद्धा नाही. मेहताजींनी दोनदा वजाबाकी केली. इंजिनिअरनं सही घेतली. नवी केबल कुठून न्यायची म्हणून त्यानं स्टीलच्या टेपनं भिंत मोजली होती, ती टेप टेबलावरच विसरून तो निघून गेला.

कुणी हसलं नाही. पगार देणाऱ्याच्या तोंडावर कोण हसणार? पण अन्ना पुढे आला. करीमनगरकडचा हा कारीगर पद्मानगरात राहायचा आणि नानांकडे वीस वर्षं टिकलेला. मराठी बोलायचा, तेलुगू वळणाची.

“शेठ, एक विचारू? हा चेक मीटर घडीच्या मशीनला पण बसतो काय?”

“काय?”

“नाही, कपड्याचा पण मीटरच असतो ना. म्हणून विचारलं.”

“अन्ना, पाळी सुरू झाली,” नाना म्हणाले. अन्ना गेला.

विणलेला ताका मागावरून उतरला की घडीच्या यंत्रावर जातो. एक पातं इकडून तिकडे फिरतं आणि कापडाची घडीवर घडी पडते. एक घडी म्हणजे एक मीटर. घडीवाला घड्या मोजतो, मेहताजी वहीत लिहितात, त्यावर कारीगराचा पगार निघतो. नानांचं यंत्र जुनं, त्यांच्या वडिलांच्या वेळचं. त्या यंत्राच्या दोन टोकांमधलं अंतर नानांना माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असलेली गोष्ट आणि मोजलेली गोष्ट यांत फरक असतो. मागावर कापड ताणलेलं असतं, उतरल्यावर आकसतं, म्हणून घडी जरा सैल धरावी लागते, असं वडील सांगायचे. आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे. कापड आकसतं. किती आकसतं ते मात्र त्या शेडमधे कधी कुणी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी माग बंद होते. संध्याकाळी नाना एकटेच शेडमधे गेले. इंजिनिअरची टेप अजून टेबलावर होती. त्यांनी ती एका टोकाला अडकवली आणि ओढत दुसऱ्या टोकाला नेली. मग दिवा लावला, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं.

एकशेतीन सेंटिमीटर.

त्यांनी एक उतरून पडलेला ताका उलगडला आणि निवांत सैल झालेलं कापड घडीच्या खुणांवरून मोजलं. आकसून आकसून एक मीटर व्हायला हवं होतं. ते एकशेतीनला सूतभर कमी भरलं.

मग त्यांनी दोन वह्या समोर ठेवल्या. पगाराची वही आणि व्यापाऱ्याला पाठवलेल्या मालाच्या चलनांची. व्यापारी आपल्या यंत्रावर मोजून घेई, त्याचा मीटर शंभर सेंटिमीटरचा. एकच ताका पगाराच्या वहीत 100 होता आणि चलनावर 103. प्रत्येक ताक्याला तीन मीटर. चोवीस माग, बारा महिने, वीस वर्षं. नाना हिशोबाला पक्के होते, त्यांनी गुणाकार सुरू केला आणि अर्ध्यावर सोडला.

रात्री जेवताना आय म्हणाली, “भात का टाकलास? नासलाय का?”

“नाय गं.”

“मग?”

“आय, त्या पायलीची चकती पहिल्यांदा कुणाला समजली?”

म्हातारी या गोष्टीत नेहमी खूश असायची. “माझ्या आजीला. तिनं हात घालून बघितला. पण बोलली नाय. बोलून भात कमी मिळालं असतं.”

सोमवारी नानांनी मागांची दुरुस्ती करणाऱ्या जॉबरला बोलावून घडीच्या यंत्राची टोकं सैल करवली आणि टेप धरून शंभरावर आवळून घेतली. कुणाला कारण सांगितलं नाही. जॉबरनं विचारलं नाही. पान्हा फिरवताना एकदा फक्त टेपकडे पाहिलं. टेप दुसऱ्या दिवशी इंजिनिअरकडे पाठवली आणि बाजारातून स्वतःची एक विकत आणली.

पंधरवड्याचा पगार आला. कारीगर ओळीनं टेबलापाशी उभे राहिले. ज्यांना वाचता येत होतं ते आकडा बघून थबकत, ज्यांना येत नव्हतं ते नोटा मोजून थबकत. कुणाला वाटलं रेट वाढला. मेहताजी कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हते.

अन्नानं पैसे मोजले, वहीतला आकडा पाहिला, बोट ठेवून पुन्हा पाहिला. नोटा कमरेला लावल्या. जाता जाता थांबला.

“शेठ, कंपनीनं तुम्हाला मागचे किती महिने लावले होते?”

“बारा,” नाना म्हणाले.

अन्नानं मान हलवली, जणू कुणी त्याला नुसती वेळ सांगितली होती, आणि आपल्या मागांकडे गेला. त्याच्या चौथ्या मागाचा धोटा अडकला होता.

ओळ संपली. नाना बराच वेळ पेटीचं झाकण उघडं ठेवून बसले. मग म्हणाले, “मेहताजी, पगाराच्या जुन्या वह्या कुठं आहेत?”

“माळ्यावर. किती जुन्या काढू?”

नानांनी कपाळावरचा घाम पुसला. वर पंखा फिरत होता, त्याचंही युनिट कुठेतरी पडत होतं.

“आधी बारा महिन्यांच्या काढा,” ते म्हणाले.