प्रारब्धाच्या खात्यावर एकच गुडघा

इंदापूरला कबड्डी खेळताना माझा गुडघा पहिल्यांदा गेला, तेव्हा आई म्हणाली, "प्रारब्ध, बाळा." मी मान्य केलं. चढाईत पाय रोवला होता, मागून पकड झाली, अंग वळलं आणि पाय तिथंच राहिला. 'टक्' आवाज माझा मलाच ऐकू आला. गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या महिन्यात मॅटवर उतरलो. सातव्यात तोच लिगामेंट पुन्हा तुटला. आई पुन्हा तेच म्हणाली. या वेळी मला पटलं नाही.

आपल्याकडे कर्म तीन प्रकारचं सांगतात: संचित, प्रारब्ध, क्रियमाण. साठलेलं, भोगायला आलेलं आणि आत्ता हातून घडणारं. पहिली दुखापत खुशाल प्रारब्धात घाला. दुसरी क्रियमाणातली. शस्त्रक्रियेत तुटलेल्या लिगामेंटच्या जागी मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून गुडघ्यात बसवतात; ती तिथं रुजायला, तिच्यात रक्तवाहिन्या शिरायला महिने जातात. दुखणं मात्र त्याआधीच थांबतं, आणि घात तिथंच होतो. पंचविशीच्या आत मैदानावर परतलेल्या चौघांत जवळपास एकाचा गुडघा पुन्हा जातो. कधी तोच, कधी दुसरा. नववा महिना भरेपर्यंत थांबलेला एकेक महिना हा धोका निम्म्यानं उतरवतो, असं 2016 साली नॉर्वे-अमेरिकेतल्या संशोधकांना दिसलं. मी थांबलो असतो तर तुटलाच नसता, असं छातीठोक कुणी सांगणार नाही. पण जे हातात होतं त्याला दैव म्हणणं म्हणजे देवावर आळ घेणं.

थांबण्याचंच म्हणाल तर, बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण लहानपणापासून बघतोय. आधी पताकावाले धावतात, मग तुळशीवाल्या, विणेकरी. अश्व शेवटी. धावण्यात सगळ्यांत वाकबगार तोच, आणि थांबतोही तोच.

आता मी बारामतीत पोरांना शिकवतो. निमगाव केतकीचा एक पोरगा शस्त्रक्रियेनंतरच्या सातव्या महिन्यात आहे. परवा म्हणाला, "सर, दुखत नाही आता. खेळू द्या की." त्याला ओट्याच्या पायरीवरून एका पायानं सावकाश उतरायला लावलं आणि मोबाइलवर त्याचंच चित्रण दाखवलं. गुडघा आत, दुसऱ्या पायाकडे ढळत होता. गप्प झाला. मग टेप काढला. एका पायावरची लांब उडी: चांगल्या पायाची 140 सेंटीमीटर, शस्त्रक्रियेच्या पायाची 112. निदान 126 हवी. आणि ती भरली, तरी नववा महिना सरल्याशिवाय मी त्याला मॅटवर घेणार नाही.