“मला ठाऊक नव्हतें” असें केव्हां म्हणतां येतें?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या गांवीं आतां निदान एक तरी जुनी पिकअप गाडी असते. सकाळीं ती कांदा किंवा भाजी घेऊन बाजारास जाते, दुपारीं खत आणते, आणि लग्नसराईंत तिच्या मागच्या हौद्यांत वऱ्हाडहि उभें राहतें. (माणसें अशीं नेणें कायद्यास धरून नाहीं, हें आम्ही जाणतों, परंतु तें चाललें आहे, हेंहि सर्वांस ठाऊक आहे.) त्या गाडीच्या पोटाखालीं एक बारीक पोलादी नळी असते, तिजविषयीं आज आम्ही लिहीत आहों. विषय गॅरेजमधला वाटेल. पण त्यांत सदसद्विवेकबुद्धीचा एक जुना प्रश्न दडलेला आहे.

ब्रेकवर पाय दिला म्हणजे चाक थांबतें, इतकेंच आपण समजतों. वस्तुतः पाय दाबतो तो तेलास. मास्टर सिलिंडरांतील ब्रेक ऑईल पायाचा जोर नळीवाटें चाकांपर्यंत नेतें. ही नळी जाडीनें अवघी पावणेपांच मिलिमीटर. आणि गाडी एकाएकीं थांबवावी लागली म्हणजे तिच्या आंत दर चौरस सेंटिमीटरावर सत्तर किलोहूनहि अधिक दाब येतो. ती चेसिसच्या कडेकडेनें, टाकीच्या वरून, क्लिपांत अडकवून मागें नेलेली असते. क्लिपेखालीं चिखल सांचतो, चिखलांत ओल राहते, आणि जेथें डोळा पोहोंचत नाहीं नेमका तेथेंच गंज लागतो. आंतूनहि शत्रु आहेच; ब्रेक ऑईल हवेंतील ओल शोषून घेतें, म्हणून वर्षानुवर्षें न बदललेलें ऑईल नळीस आंतून खातें. इंजिन बिघडलें तर आवाज करतें, टायर झिजला तर दिसतो. नळी मात्र आदल्या दिवसापर्यंत आपलें काम चोख बजावते, आणि ज्या दिवशीं पाय सर्वांत जोरानें दाबावा लागतो त्याच दिवशीं फुटते. गाडीस ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात खरे, म्हणून एक गेला तरी दुसरा उरतो. पण भरलेली गाडी अर्ध्या ब्रेकावर घाटांतून उतरविणें म्हणजे काय, हें ड्रायव्हर लोकांस विचारावें.

हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर अमेरिकेंत उपस्थित झाला. मिशिगन, ओहायो, पेन्सिल्व्हेनिया इत्यादि उत्तरेकडील राज्यांत हिंवाळ्यांत रस्त्यावरचें बर्फ वितळावें म्हणून मीठ पसरतात, आणि तें मीठ गाड्यांच्या पोटास लागतें. जनरल मोटर्स कंपनीच्या १९९९ ते २००३ सालच्या पिकअप व तत्सम मोठ्या गाड्यांच्या नळ्या गंजून फुटल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हां तेथील सरकारच्या वाहन-सुरक्षा खात्यानें सुमारें पन्नास लक्ष गाड्यांविषयीं चौकशी केली. ती एप्रिल २०१५ मध्यें बंद झाली. गाड्या परत बोलवाव्या असा हुकूम कंपनीस झाला नाहीं. नळ्या वयोमानानें झिजल्या, असें खात्याचें मत पडलें. मात्र त्यानें मालकांस बजाविलें कीं, गाडीचें पोट धुवीत जा, नळ्या तपासा, आणि पापुद्रे सुटूं लागलेले दिसले तर सबंध संच बदला.

तांबें व निकेल यांच्या मिश्रधातूची नळी मिठास सहसा दाद देत नाहीं, आणि स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीनें ती १९७० नंतरच्या दशकांतच वापरावयास घेतली होती. तेव्हां तशी नळी सर्वांनींच कां घातली नाहीं, हें विचारणें आम्हांस रास्त वाटतें. परंतु कंपनीचा दोष ठरो वा न ठरो, आज गाडी ज्याच्या अंगणांत उभी आहे त्याची त्यानें सुटका होत नाहीं.

आपल्याकडे रस्त्यावर मीठ पसरीत नाहींत. पण कोंकणांत खारा वारा आहे, आणि मासळीच्या गाडींतून बर्फाचें खारट पाणी रात्रंदिवस ठिबकत असतें. अशाच एका गाडीचा मागचा ब्रेक पाईप फुटला असतां आम्ही गॅरेजांत होतों. मालक भला मनुष्य, देण्याघेण्यास सरळ. तो मिस्त्रीस म्हणाला, “मिस्त्री, फुटला तेवढाच बांधा. बाकीचा बघूं नका. बघितलात तर बदलावा लागेल.”

हें वाक्य आमच्या मनांतून जात नाहीं. उद्यां पुढचा पाईप फुटला, तर हाच मनुष्य शपथेवर म्हणेल कीं मला ठाऊक नव्हतें, आणि तें अक्षरशः खरें असेल. तथापि त्याच्या मनांत अर्धें ज्ञान होतें. नाहीं तर न पाहण्याची काळजी त्यानें कां घेतली असती? ज्याच्या घरांत खरोखर कांहींच नाहीं, तो दार झांकीत नाहीं. एक नळी कुजली, म्हणजे तिच्याच वयाच्या, तेंच पाणी प्यालेल्या दुसऱ्या नळ्यांची बातमी त्यास पोहोंचली होती. त्या बातमीनंतरचें अज्ञान हें त्याच्या वांट्यास आलेलें अज्ञान नव्हे. तें त्यानें पैसे वांचविण्यासाठीं राखून ठेविलेलें अज्ञान होय. पहिला पाईप फुटण्यापूर्वीं आम्ही त्यास दोष दिला नसता. दुसऱ्यास देऊं.

कोणी म्हणेल, गाडी त्याची, जीव त्याचा. येथेंच मोठी चूक होते. पैसे वांचतात ते मालकाचे. पण गाडी चालवितो तो रोजावरचा पोरगा, मागें बसतात त्या कोळणी, आणि रस्त्याच्या कडेनें शाळेस जाणाऱ्या मुलांस तर त्या नळीचें नांवहि ठाऊक नाहीं. जो काटकसर करतो तोच धोका पत्करीत असता, तर आम्ही एवढें लिहिलें नसतें.

गरिबीची अडचण आम्ही विसरत नाहीं. गाडी दोन दिवस उभी राहिली तर हप्ता चुकतो, हें खरें. पण पाहणें फुकट आहे. इंजिन चालू करून एकानें ब्रेक जोरानें दाबून धरावा व दुसऱ्यानें बॅटरी घेऊन बाहेरून, चाकांपासून अंग दूर ठेवून, खालीं नजर टाकावी. ओलसर डाग किंवा सुटलेले पापुद्रे पुष्कळदां दिसतात, मात्र क्लिपांखालचा गंज असा दिसेलच असें नाहीं. आणि जोंवर पैसे जुळत नाहींत तोंवर गाडी घरीं उभी ठेवावी. त्याहून हलका मार्ग आम्हांस सुचत नाहीं.

मिस्त्रीचीहि एक परीक्षा असते. खरें काम असें: सबंध नळी नवी घ्यावी, जुनीच्या वळणावरून वांकवावी, तिच्या तोंडास दुहेरी फूल पाडावें, नट नेमका बसेल अशा पान्यानें आंवळावा, जुन्या क्लिपा साफ करून नळी पक्की बसवावी, नवें ऑईल भरून हवा काढावी, आणि पेडल टणक लागल्यावांचून गाडी बाहेर सोडूं नये. उलट, साधी तांब्याची नळी हादऱ्यांनीं तडकते, आणि दाबून बसविलेला जोड त्या दाबास टिकेल याचा भरंवसा नसतो. पण गाडी जमिनीवर उतरली कीं दोन्ही कामें बाहेरून सारखींच दिसतात. ज्या मिस्त्रीची आम्ही गोष्ट सांगितली त्यानें मालकास उत्तर दिलें नाहीं. तो फुटलेल्या जागेपाशीं निजला, आणि बॅटरीचा झोत हळूहळू पुढच्या चाकाकडे नेला. मग बाहेर येऊन गंजाचा एक पापुद्रा त्यानें मालकाच्या तळहातावर ठेविला.

मालक बराच वेळ उगाच उभा होता. “आतां काय, बघितलंच,” असें म्हणून त्यानें सर्व पाईप बदलावयास सांगितले, व दोन दिवसांचें भाडें बुडालें म्हणून मिस्त्रीवर रागावूनच तो घरीं गेला.