लोणारच्या काठावरून

स्वतःच्या बळावर उच्च गणित आणि भौतिकशास्त्र शिकायचं ठरवलं की माणूस आधी यादी करतो. कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित, क्वांटम. प्रत्येकापुढे दोन-दोन जाडजूड पुस्तकं. यादी झाली की अभ्यासच झाल्यासारखं वाटतं, तिथेच घात होतो. माझ्या अशा याद्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणापुढे सहसा गेल्या नाहीत.

बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलाने सुरुवात लोणारपासून करावी. बेसाल्टमधलं ते सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. काठावर उभं राहून एकच विचारायचं: हे विवर पाडणारा दगड आकाशातून किती वेगाने आला असेल?

दहावीत मुक्तिवेग पाठ केलेला असतो, सेकंदाला 11.2 किलोमीटर. बाहेरून येणारा दगड, हवेचा अडथळा सोडला तर, निदान एवढ्या वेगाने आदळणारच. पण हा आकडा आला कुठून? वर जावं तसं गुरुत्वाकर्षण कमी होतं, म्हणून साधा गुणाकार चालत नाही. उंचीचे बारीक तुकडे करून बेरीज करावी लागते. झालं, इंटिग्रेशन दारात आलं, आणि तेही गरजेपोटी. उत्तर तर गमतीचं आहे: अनंत अंतरावरून पडताना मिळते तेवढीच ऊर्जा, गुरुत्वाकर्षण अजिबात कमी झालं नसतं तर, फक्त पृथ्वीच्या त्रिज्येएवढ्या उंचीवरून पडूनही मिळाली असती. या वेगाच्या एक किलो दगडात एक किलो टीएनटीच्या पंधरापट ऊर्जा असते. खड्डा मग एवढा का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

अर्थात नुसत्या प्रश्नामागे धावलं की मधली पानं कोरी राहतात. क्रम लागतोच. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘सिद्धांतशिरोमणी’तही आधी लीलावती आणि बीजगणित, ग्रहांचं गणित नंतर. एवढा क्रमवार ग्रंथ हाताशी असूनही नातू चांगदेवाने तो शिकवायला मठ काढला. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या पाटणच्या 1207 च्या शिलालेखात तशी नोंद आहे. ‘इथे चुकलास’ म्हणणारं कुणीतरी लागतं. मित्र चालेल, कॉलेजातले सर चालतील. अकरावीपासून विज्ञान इंग्रजीत आहे, पण त्यांना समजावायचं ते मराठीत. तिथे अडलात, तर ते प्रकरण पुन्हा वाचा.

आणि दगड तिरपा आला तरी विवर बहुधा गोलच का होतं? ज्या पुस्तकात याचं उत्तर सापडेल, ते यादीत पुढचं घ्या.