आकाश बोटांनीही वाचता येते

खगोलशास्त्र म्हणजे डोळ्यांचे शास्त्र, ही समजूत आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की, दृष्टिहीन विद्यार्थ्याला आकाशाचा धडा गाळून पुढे नेले तरी त्यात अन्याय झाल्यासारखे वाटत नाही. पण आजच्या खगोलशास्त्रात डोळ्यांचा वाटा किती, हे तपासून पाहावे. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत. त्या ज्या रेडिओलहरी टिपतात त्या कोणत्याही डोळ्याला दिसत नाहीत. हबल दुर्बिणीने १९९५ साली टिपलेल्या ईगल तेजोमेघातल्या वायुस्तंभांचे चित्र जगभर पोचले. त्यातले रंगही नंतर ठरवून दिलेले आहेत. कॅमेऱ्याने वेगवेगळ्या फिल्टरमधून फक्त उजेडाची कमी-अधिक तीव्रता नोंदवली. मग गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग देण्यात आला. हायड्रोजनचा तो प्रकाश मुळात लालच असतो! म्हणजे डोळस वाचकालाही विश्व थेट दिसत नाही. मोजमापांचे त्याला कळेल असे रूपांतर करून दिलेले असते.

हे मान्य केले, की जे काम रंग करतो ते पृष्ठभागाचा पोत का करू शकणार नाही, हा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकेतील नोरीन ग्राइस यांनी याचे उत्तर पुस्तकातूनच दिले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘टच द युनिव्हर्स’मध्ये हबलच्या चित्रांवर उठावाच्या रेषा, ठिपके आणि निरनिराळे पोत आहेत, आणि मजकूर ब्रेलमध्ये तसाच छापील अक्षरांतही आहे. छपाईआधी चित्रांचे नमुने कोलोरॅडोतील अंध-मूकबधिर शाळेच्या विद्यार्थ्यांकडून तपासून घेण्यात आले. हा टप्पा फार मोलाचा आहे, कारण डोळ्यांना सुंदर दिसणारे चित्र नुसते उठावदार केले तर बोटांखाली त्याचा गोंधळ होतो. नजर संपूर्ण चित्र एका दमात घेते; बोट ते तुकड्यातुकड्याने गोळा करते. ब्रेलच्या एका अक्षरातले शेजारचे दोन ठिपकेसुद्धा सुमारे अडीच मिलिमीटर अंतरावर ठेवावे लागतात. म्हणून आधी आकाशगंगेच्या भुजा, मग वेगळ्या पानावर तिचा गाभा, अशी चित्राची नव्याने मांडणी करावी लागते.

यावर पहिला आक्षेप असा, की अशा सुलभीकरणात विज्ञान निसटते. पण काय ठेवायचे आणि काय सोडायचे, ही निवड प्रत्येक नकाशात आणि प्रत्येक आलेखात असतेच. निवड कशी केली ते वाचकाला सांगितले, की प्रामाणिकपणा राखला जातो. कधी कधी स्पर्श चित्राहून अधिक देतो. कॅसिओपिया ए या अतिनवताऱ्याच्या अवशेषातील वायू कोणत्या वेगाने जवळ येतात वा दूर जातात, हे मोजून त्याची त्रिमितीय प्रतिकृती बनवता आली. ती हातात घेतल्यावर जी खोली कळते, ती सपाट छायाचित्रात डोळसालाही दिसत नाही. दुसरा आक्षेप, की ध्वनी पुरेसा आहे. दृष्टी गेल्यानंतर वांडा डियाझ-मर्सेड यांनी निरीक्षणांच्या आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करून खगोल-संशोधन चालू ठेवले, हे खरे आहे. परंतु काळाबरोबर होणारे बदल कानाला चटकन कळतात, तर आकार आणि परस्परांची स्थिती हाताला. ही दोन साधने एकमेकांना पूरक आहेत. तिसरा आक्षेप खर्चाचा: वाचक मूठभर, छपाई महाग. मात्र ब्रेल आणि छापील मजकूर एकाच पानावर असेल, तर दृष्टिहीन मुलगी आणि तिचा डोळस वर्गमित्र एकच पुस्तक वाचू शकतात. मग तो खर्च संपूर्ण वर्गासाठी होतो.

मराठीत खगोलविषयक लेखनाची समृद्ध परंपरा आहे, आणि मराठी ब्रेल लिपीही आपल्यापाशी आहे. तेव्हा प्रकाशकांनी, तारांगणांनी आणि विज्ञानसंस्थांनी दृष्टिहीन वाचकांना पहिल्या आराखड्यापासून सोबत घेऊन मराठी स्पर्शचित्रांची पुस्तके काढावीत. याला कोणी दानधर्म समजू नये. विश्वाविषयीचे ज्ञान सर्वांचे आहे, आणि दृष्टिहीन वाचकाचा त्यावर तेवढाच हक्क आहे.