बरोबरी कमवावी लागते

बुद्धिबळात डाव बरोबरीत सुटला की दोघांनाही अर्धा गुण. पण मानांकन खालच्याचं वाढतं, वरच्याचं घटतं. म्हणजे बरोबरी कमवावी लागते. 2025च्या जुलैत बातुमीला महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. नागपूरची दिव्या देशमुख मानांकनात प्रतिस्पर्धी कोनेरू हम्पीच्या बरीच खाली. तरी दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले. कुणी म्हणेल, नशीब! पण पट नाव विचारत नाही, उत्तर मागतो. शिवाय पहिल्या डावात वरचढ दिव्याच होती. तग धरला हम्पीनं. बरोबरी मोठ्यालाही कमवावी लागते. म्हणून समोर थोर माणूस असला तरी आधीच मान तुकवू नये, आणि लहान असला तरी गृहीत धरू नये. पुढे जलद डावांत दिव्या जिंकली, ग्रँडमास्टरही झाली.