विद्यार्थ्यांचें दुकान

धंदेशिक्षणाच्या शाळेनें विद्यार्थ्यांकडून माल तयार करवावा, त्यांनींच दुकान चालवून तो विकावा, व बाजारांत इतरांच्या पुढें राहावें, अशी अपेक्षा अनेकजण करितात. दुकान हातीं आलें म्हणजे हिशेब, सचोटी व ग्राहकाची पारख पुस्तकापेक्षां लवकर अंगीं बाणते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु हें पुढें राहणें कशाच्या बळावर, हा प्रश्न केवळ व्यापाराचा नसून नीतीचाही आहे.

हा वाद आपल्याकडे नवा नाहीं. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. मुलांच्या हस्तोद्योगांतून शिक्षकांचें वेतन हळूहळू निघावें, असा महात्माजींचा आग्रह होता. त्यावर प्रा. के. टी. शहा यांनीं आक्षेप घेतला कीं, शाळांचा माल गरीब कारागिरांशीं अन्याय्य स्पर्धा करील. पुढें झाकीर हुसेन समितीनें रोजच्या साडेपांच तासांपैकीं ३ तास २० मिनिटें हस्तोद्योगास दिलीं. पण उत्पन्नाच्या नादांत शिक्षणाचा हेतु बळी पडूं नये, असा इशाराही दिला.

शहा यांचा आक्षेप आजही विचारार्ह आहे. शाळेची खुर्ची स्वस्त पडते ती कां? जागेला भाडें नाहीं, हत्यारें संस्थेचीं, मजुरी नाममात्र. ही सरशी नव्हे, सवलत आहे. आणि तिचा भार शेवटीं पडतो कोणावर? आज बिनमजुरीची खुर्ची विकणारा मुलगा उद्यां प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो व स्वतःचें दुकान मांडतो. तेव्हां त्याचा पहिला प्रतिस्पर्धी त्याचीच शाळा असते!

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. कुशल माणूस टिकवून धरावा, हा धंद्याचा नियम. कुशल झालेल्यास निरोप द्यावा, हा शाळेचा धर्म. रंधा उत्तम चालविणाऱ्या मुलास वर्षभर रंध्यावरच ठेविलें, तर माल सुधारेल, पण मुलगा अर्धवट राहील. शाळेनें यांपैकीं काय निवडावें, याविषयीं आमच्या मनांत संदेह नाहीं.

मग शाळेच्या दुकानाचें टिकाऊ बळ कोणतें? मुलांची मजुरी हिशेबांत धरावी व त्यांच्या पदरांत टाकावी. माल रास्त बाजारभावानें विकावा. त्यांतील दोष ग्राहकास आधींच सांगावा. आणि जाणाऱ्या विद्यार्थ्यानें येणाऱ्यास आपलें कसब शिकवूनच जावें. माणसें दरवर्षीं बदललीं तरी ही रीत टिकूं शकते, व हिच्यामुळें जो लौकिक मिळतो तो कोणाचा घास काढून मिळालेला नसतो.

असें केल्यास दुकान चालणार नाहीं, असें कोणी म्हणेल. कदाचित् नाहीं चालणार. पण खरा तोटा वहींत मांडून मुलांस दाखविणें हेंही शिक्षणच आहे. तो त्यांच्याच श्रमांखालीं झांकून ठेवणें मात्र शिक्षण नव्हे.